मत शेठजींचे, झळ काउंटरवरच्या पोराला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

व्यापाऱ्याने आपले सामाजिक, धार्मिक किंवा राजकीय मत उघडपणे मांडावे की नाही, हा प्रश्न आता मुंबई-बंगळुरूच्या बड्या उद्योगपतींपुरता राहिलेला नाही. जळगावचा सराफ बाजार असो, धुळ्याचा आग्रा रोड असो, नंदुरबारचा मिरची बाजार असो की रावेर-सावद्याचे केळी व्यापारी. प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि प्रत्येकाचे स्टेटस गिऱ्हाईक पाहते. सकाळी सोन्याचा भाव, दुपारी शेठजींचे मत आणि संध्याकाळी ‘या दुकानातून काही घेऊ नका’ असा मेसेज. पेढ्यांचे हिशेब, करारमदार आणि जाहिराती यांचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांना यावर नेमके लिहावेसे वाटते. कारण बाजारात सल्ले दोनच मिळतात. एक म्हणतो, बोलूच नका. दुसरा म्हणतो, बिनधास्त बोला, चार दिवसांत लोक विसरतात. पहिल्याने माणूस गप्प बसतो आणि दुसऱ्याने त्याची नोकरमाणसे अडचणीत येतात.

‘बोलूच नका’ हा सल्ला तर खानदेशाच्या परंपरेत बसणाराच नाही. अमळनेरच्या गिरणीमालक श्रीमंत प्रताप शेठांनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे केले. वेदान्तावर आपली निष्ठा आहे, हे त्यांनी लपवले नाही, उलट तिच्यासाठी पैसा आणि जागा दिली. जळगावात उद्योजक भवरलाल जैन यांनी गांधीविचार स्वतःपुरता ठेवला नाही. २०१२ साली गांधीतीर्थ हे गांधीजींवरचे संग्रहालय उभे राहिले. शेजारच्या विदर्भात, वर्ध्याला, जमनालाल बजाजांनी रायबहादूर ही पदवी परत केली आणि १९२८ साली लक्ष्मीनारायण मंदिर दलितांसाठी खुले केले. सनातन्यांचा रोष ओढवला, तोही त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला.

आज फरक पडला आहे तो इथे. शेठजी घरी सोफ्यावर बसून लिहितात आणि पहिली शिवी खातो तो सकाळी शटर उघडणारा मुलगा.

तनिष्कचे उदाहरण बहुतेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०२० मध्ये हिंदू सुनेचे डोहाळेजेवण करणारे मुस्लिम कुटुंब दाखवणारी जाहिरात आली आणि १३ ऑक्टोबरला कंपनीने ती मागे घेतली. मागे घेताना कंपनीने दुखावलेल्या भावनांसोबत आपले कर्मचारी, भागीदार आणि दालनांतील लोकांच्या सुरक्षेचे कारण दिले. गुजरातेत गांधीधामच्या दालनाच्या दारावर माफीची चिठ्ठी लावावी लागली. जाहिरात ठरवणारे लोक त्या गावात नव्हते. चिठ्ठी लावणाऱ्याला जाहिरात करायची की नाही, हे कुणी विचारले नव्हते. जाहिरातीचा विचार चांगला होता, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण दालन चालवणाऱ्याला आधी सांगितले होते का, त्याच्या दारात गर्दी जमली तर काय करायचे हे ठरले होते का, हे प्रश्न त्या चांगुलपणाने सुटत नाहीत. खानदेशातली कित्येक मोठी दुकाने अशाच बाहेरच्या ब्रँडची फ्रँचायझी किंवा डीलरशिप आहेत. त्यांनी आपला करार काढून दोन कलमे वाचावीत. ब्रँडच्या नावाने बोलण्याचा अधिकार कुणाला आहे, आणि ब्रँडच्या प्रतिमेला बाधा आली तर करार रद्द होतो का. हे कलम बहुधा एकतर्फी असते, म्हणजे डीलर बोलला तर करार तुटतो, पण कंपनी बोलली आणि डीलरचे नुकसान झाले तर भरपाई नसते. नूतनीकरणाच्या वेळी निदान एवढे तरी लेखी मागावे, की वादाची शक्यता असलेली मोहीम सुरू होण्याआधी दोन दिवस डीलरला कळवले जाईल.

झोमॅटोने या बाबतीत एकदा अडखळून आणि एकदा सावरून दाखवले आहे. जुलै २०१९ मध्ये डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून एका ग्राहकाने ऑर्डर रद्द केली. अन्नाला धर्म नसतो, असे कंपनीने जाहीर सांगितले आणि आमच्या मूल्यांच्या आड येणारा धंदा गेला तरी दुःख नाही, असे तिचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी लिहिले. भूमिका ठाम होती. पण काही तासांतच लोकांनी कंपनीची जुनी उत्तरे उकरली, ॲपवर ‘हलाल’ अशी खूण कशी चालते, असा सवाल केला आणि कंपनी खुलासे देत बसली. पुढे १९ मार्च २०२४ ला शुद्ध शाकाहारी जेवणासाठी हिरव्या पोशाखातली वेगळी तुकडी जाहीर झाली. दुसऱ्याच दिवशी हिरवा पोशाख रद्द झाला, कारण नेहमीच्या लाल पोशाखातल्या मुलांना काही सोसायट्यांच्या दारात अडवले जाईल, अशी भीती लोकांनी दाखवून दिली. शाकाहारी सेवा चालू ठेवली, अंगावरची खूण काढली. माघार कुठे घ्यायची आणि कुठे नाही, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचित सापडतो.

आता आपल्या गावाकडे येऊ. बहुतेक दुकानांत घोळ सुरू होतो तो एकाच मोबाइल नंबरामुळे. तोच नंबर पाटीवर, तोच बिलावर, तोच गुगलच्या नकाशावर आणि त्याच नंबरावर शेठजींचे स्टेटस. व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर नावाच्या खाली दुकानाचा लोगो, पत्ता आणि वेळ दिसते. म्हणजे शेठजींनी रात्री अकराला टाकलेले मत दुकानाच्या लेटरहेडवर छापल्यासारखेच होते. ते २४ तास दिसते आणि ज्या ज्या गिऱ्हाइकाने दुकानाचा नंबर साठवला व दुकानाने ज्याचा साठवला, त्या सगळ्यांपर्यंत जाते. उपाय साधा आहे. दुसरे सिम घ्यावे. दुकानाच्या नंबरावर भाव, वेळ, सुट्टी आणि नवा माल एवढेच. खासगी नंबरावर प्रोफाइलचा फोटो दुकानाच्या पाटीसमोरचा नसावा आणि नावापुढे पेढीचे नाव नसावे. दुकानाचा फोन मुलाच्या किंवा मॅनेजरच्या हातात असेल, तर त्यानेही त्यावरून स्वतःचे मत टाकायचे नाही, हे एका ओळीत लिहून काउंटरच्या आत चिकटवावे. अर्थात जळगाव-भुसावळसारख्या गावात नंबर वेगळा केला म्हणून माणूस वेगळा होत नाही, सगळे सगळ्यांना ओळखतात. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या होत्या, हे नंतर दाखवता येते आणि त्याचा उपयोग होतो.

स्टेटसइतकेच महत्त्व फ्लेक्सला आहे, आणि त्याकडे कुणीच बघत नाही. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दहा दुकानांची नावे असतात. त्यातली निम्मी न विचारता टाकलेली असतात. शेठजींना वाटते ही ओळखीखातर झालेली गोष्ट, पण बघणाऱ्याच्या लेखी ते दुकानाचे राजकीय मत असते. आपले नाव लेखी होकाराशिवाय टाकू नये, असे कार्यकर्त्यांना आणि फ्लेक्स छापणाऱ्यांना एकदा सांगून ठेवावे. निवडणुकीच्या काळात तर हा कायद्याचा प्रश्न आहे. उमेदवाराच्या लेखी अधिकाराशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणे गुन्हा आहे, आणि निवडणूक पत्रकावर व पोस्टरवर मुद्रक-प्रकाशकाचे नाव-पत्ता असणे बंधनकारक आहे. देणगीचेही तसेच. भागीदारीच्या पेढीतून द्यायची तर सगळ्या भागीदारांची संमती लेखी घ्यावी, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव हवा. वैयक्तिक श्रद्धेसाठी द्यायचे असेल, तर स्वतःच्या खात्यातून द्यावे, पेढीच्या चेकने नव्हे. भागीदारांमधली भांडणे पुष्कळदा अशाच एका चेकवरून पेटतात.

काय बोलावे, हे आम्ही सांगणार नाही. कोणते बोलणे टिकते, ते मात्र सांगता येते. ज्याचा खर्च स्वतः बोलणारा उचलतो, ते टिकते. बजाज ऑटोचे राजीव बजाज यांनी ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितले की, विद्वेष पसरवणाऱ्या तीन वाहिन्यांना आमची जाहिरात मिळणार नाही. आपल्या खिशातला पैसा कुठे जाईल, एवढेच ते बोलले. त्यावर कुणाला ओरडायचे ते ओरडले, पण खोडून काढण्यासारखे काही नव्हते. त्यांचे वडील राहुल बजाज ३० नोव्हेंबर २०१९ ला मुंबईत गृहमंत्री समोर बसलेले असताना उभे राहिले आणि उद्योजक टीका करायला घाबरतात, असे तोंडावर म्हणाले. टीका झाली ती त्यांच्यावर झाली. याउलट आठवड्याला ७० तास काम करा, हे इन्फोसिसच्या नारायण मूर्तींचे ऑक्टोबर २०२३ मधले म्हणणे, किंवा जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी केलेली ९० तासांची भाषा. वेळ दुसऱ्याचा, घर दुसऱ्याचे आणि मूल्य आपले. ‘बायकोकडे किती वेळ बघत बसणार’ या वाक्याने लोक दुखावले होते, पण कंपनीच्या खुलाशात त्याविषयी चकार शब्द नव्हता. असामान्य यशासाठी असामान्य कष्ट लागतात, एवढेच त्यात होते. त्या खुलाशाने आग आणखी भडकली. लोक ज्या शब्दाने दुखावले, तो शब्द उत्तरात नसेल तर उत्तर न दिलेले बरे.

म्हणून लिहिण्याआधी स्वतःच्या दुकानात एक फेरी मारावी. महिला दिनाला स्त्रीसन्मानावर लिहायचे आहे, तर सेल्सगर्लसाठी स्वच्छतागृह आहे का? दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील, तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती २०१३ च्या कायद्याने सक्तीची आहे, नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड आहे. कष्टकऱ्यांवर लिहायचे आहे, तर हमाल-मापाड्यांचा हिशेब माथाडी मंडळाच्या दराने होतो का? प्रामाणिक व्यापारावर लिहायचे आहे, तर काउंटरमधल्या प्रत्येक हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, आहे का? रोष उसळला की लोक पहिल्यांदा इथेच बोट ठेवतात, आणि एक उणीव सापडली की मूळ विषय बाजूला पडतो.

मजकूर स्वतः लिहावा, ऐंशी शब्दांच्या आत. आलेला फॉरवर्ड पुढे ढकलू नये. त्यातला फोटो कोणत्या साली, कुठे काढला हे आपल्याला ठाऊक नसते आणि जबाबदारी मात्र आपली होते. मजकूर पाठवण्याआधी, तो ज्याला पटणार नाही अशा एखाद्या जवळच्या माणसाला मोठ्याने वाचून दाखवावा. भागीदार आणि काउंटरवरची माणसे यांना आधी सांगावे. वेळ कामाच्या दिवशी सकाळी दहाची. रात्री टाकलेल्या मजकुरावर रात्रभर धुरळा उडतो आणि त्याला उत्तर द्यायला कुणी जागे नसते. आखाजी, दसरा, पाडवा यांच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. त्या गर्दीत एक भांडखोर माणूस आला तरी दुकान सांभाळणे कठीण. आणि गावात तणाव असेल तेव्हा स्टेटस टाकण्यापेक्षा पोलीस ठाण्यातल्या शांतता समितीच्या बैठकीत जाऊन बोलावे. तिथे ऐकणारी माणसे समोर असतात आणि बोललेल्याचा अर्धा स्क्रीनशॉट निघत नाही.

एवढे करूनही रोष येतो. तेव्हा बहुतेक जण पहिली चूक करतात ती गुपचूप डिलीट करण्याची. व्हॉट्सॲपवर मेसेज १५ मिनिटांत दुरुस्त करता येतो, सगळ्यांसाठी काढून टाकायला सुमारे अडीच दिवस मिळतात, पण तोवर स्क्रीनशॉट दहा ग्रुपांत फिरलेला असतो. मूळ मजकूर गेला की फक्त विरोधकाने कापलेला तुकडा उरतो. माहिती चुकली असेल तर त्याच जागी दुरुस्ती टाकावी, काय चुकले होते आणि आता काय आहे, हे सांगावे. काढूनच टाकायचे असेल, तर का काढले, ते दोन ओळींत लिहावे.

मग नोकरांकडे वळावे, कॅमेऱ्यांकडे नंतर. शटर उघडण्याआधी दहा मिनिटे सगळ्यांना एकत्र बसवून शेठजींनी स्वतः सांगावे, की मी काय लिहिले, लोक काय म्हणत आहेत. ज्याला माझे म्हणणे पटत नाही, त्याची नोकरी धोक्यात नाही, हेही सांगावे. हे वाक्य फार महत्त्वाचे आहे. नोकराला स्वतःचे मत असते, स्वतःची जात-धर्म-मोहल्ला असतो, आणि संध्याकाळी तो तिथेच परततो. काउंटरवर बोलायचे वाक्य एकच ठरवावे. ‘हे शेठजींचे वैयक्तिक मत आहे, त्यांच्याशी बोलायचे असेल तर हा नंबर घ्या.’ वाद नाही, हसणे नाही, मोबाइलने शूटिंग नाही. काउंटरवर एकटे कुणी थांबणार नाही. डिलिव्हरीची मुले आठवडाभर दुकानाच्या नावाचा टी-शर्ट आणि पिशवी वापरणार नाहीत. महिला कर्मचारी अंधार पडण्याआधी निघतील. सराफीत कारागिरांचाही विचार हवा. बंगाली कारागीर दुकानाच्या मागच्या खोलीत काम करतात, परगावचे असतात आणि गर्दी आली तर त्यांना कुणाची ओळख नसते.

फोन एकानेच घ्यावेत आणि साध्या वहीत चार रकाने करावेत. वेळ, नंबर, काय म्हणाला, काय सांगितले. चौथ्या दिवशी ही वही उघडली, की चित्र स्पष्ट होते. शंभर फोनांतले किती नंबर आपल्या उधारीच्या खात्यात किंवा बिलांत सापडतात, ते मोजावे. जे सापडतात, त्यांच्याकडे शेठजींनी दोन दिवसांत स्वतः जावे. खानदेशात लेकीच्या लग्नाचे सोने तीन पिढ्या एकाच पेढीवरून घेतले जाते. अशा घरातले नाना-अण्णा दुखावले असतील, तर त्यांना मोबाइलवरचा खुलासा नको असतो, समोर बसून चहा घेणारा माणूस हवा असतो. मत बदलायला जायचे नाही, ऐकून घ्यायला जायचे. उरलेले फोन परगावचे, किंवा कुणीतरी यादी देऊन लावायला सांगितलेले असतात. त्यांना उत्तर देत बसू नये. २०१७ साली स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याच्या कथित वाक्यावर चिडलेल्या लोकांनी नाव सारखे वाटले म्हणून स्नॅपडीलचे ॲप काढून टाकले होते. गर्दी इतकी आंधळी असू शकते.

गुगलवरच्या एक-तारा शेऱ्यांचेही तसेच. प्रत्यक्ष खरेदी न करता दिलेला शेरा गुगलच्या नियमांत बसत नाही. व्यवसायाच्या प्रोफाइलमधून प्रत्येक शेऱ्याची वेगवेगळी तक्रार करावी लागते, निकालाला काही दिवस लागतात, आणि नकार आला तर एकदा फेरविचार मागता येतो. नातेवाइकांकरवी पाच-तारा शेरे टाकून घेऊ नयेत. तेही नियमाबाहेर आहे आणि एका दिवसात आलेले वीस ‘खूप छान सेवा’ कुणालाही ओळखू येतात.

माफी मागायची का, यावर घराघरांत भांडण होते. आमचे मत असे की, चुकीच्या माहितीची, लागट शब्दाची आणि तिऱ्हाइताला झालेल्या त्रासाची माफी जरूर मागावी. मूल्याची मागू नये, ते खरोखर बदलले नसेल तर. ‘कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर’ हे वाक्य तर नकोच, त्यात बोलणाऱ्याला स्वतः काय केले हे मान्य नसते. ‘मी वापरलेला अमुक शब्द चुकीचा होता, तो मागे घेतो. माझे म्हणणे मात्र तेच आहे.’ एवढे पुरते. मत खरोखर बदलले असेल, तर कृती दाखवावी. इटलीच्या बारिला या पास्ता कंपनीच्या प्रमुखाने २०१३ मध्ये समलिंगी कुटुंबे आमच्या जाहिरातीत दिसणार नाहीत, असे म्हटले होते. माफीनंतर कंपनीने कामाच्या जागचे धोरणच बदलले आणि पुढच्याच वर्षी समलिंगींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या मूल्यांकनात पूर्ण गुण मिळवले. आणि दोन ग्रुपांत दोन वेगळे खुलासे कधीही देऊ नयेत. गाव लहान आहे, दोन्ही ग्रुपांत तीच माणसे असतात.

कायद्याची रेषाही गिऱ्हाइकांनी आणि व्यापाऱ्यांनी दोघांनी ओळखावी. खरेदी न करणे हा प्रत्येकाचा हक्क आहे, त्यावर रागावण्याचा अधिकार व्यापाऱ्याला नाही. दुकानाच्या दारात दुसऱ्या गिऱ्हाइकाला अडवणे, धमकी देणे, ‘प्रकरण मिटवायला’ पैसे मागणे हे गुन्हे आहेत. जात पंचायतीने एखाद्या कुटुंबावर बहिष्कार घातला, तर राज्याच्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. तक्रारीसाठी स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे, मूळ फोन जपून ठेवला पाहिजे आणि न्यायालयात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. सीसीटीव्हीचे चित्रण तर त्याच दिवशी पेनड्राइव्हवर काढावे. बहुतेक दुकानांतली यंत्रे पंधरा दिवस ते महिनाभरात जुने पुसून नवे भरतात, आणि तक्रार करायला निघेपर्यंत नेमका तोच दिवस गेलेला असतो.

आता आपल्याला एक विनंती. ‘अमुक दुकानावर बहिष्काराची हाक’ अशी बातमी येते, तेव्हा मजकूर दुकानाच्या नंबरावरून आला होता की खासगी, त्याची तारीख काय, आणि हाक देणारे प्रत्यक्ष किती जण होते, हे वार्ताहराने तपासावे. बातमीसोबत नोकरांचे चेहरे दिसतील असे दुकानाचे छायाचित्र छापू नये. आणि खुलासा आला, तर तो मूळ बातमीच्याच पानावर, निदान तेवढ्याच आकाराच्या मथळ्याखाली द्यावा.

कळावे.

आपले,
जळगाव व धुळे येथील काही करसल्लागार आणि जाहिरात व्यावसायिक